जयमालाचे नऊ फाऊल

घोडेगाव, ता. नेवासा
मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर १९९७

चि. सहादेव यास रंगनाथकाकाचा जयभीम व आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. तुझ्या भामाकाकूच्या गुडघ्याला सूज आहे, पण तोंड चालू आहे. कांद्याची लागण अर्धी झाली. तू दावा लावल्यापासून आपले येणे-जाणे बंद, त्यामुळे पत्र उघडशील की नाही याची धास्ती वाटते. पोस्टाला उशीर होईल म्हणून श्रीरामपूर गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. शुक्रवारी नगरच्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्याआधी तू हे वाचावेस.

खो-खो संघटनेचे सेक्रेटरी रोज येऊन मला पढवून जातात. "तुम्ही एवढंच म्हणा, हाताचा स्पर्श झाला पण खो उच्चारला नाही. नियम सगळ्यांना सारखा." तुझ्या जयमालाचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे, पण त्यामुळे फाऊल दिले असे नाही, हे मी सांगायचे आहे. तुझे वकील अपंगांचा नवा कायदा दाखवतात. गेल्या तारखेला जजसाहेब म्हणाले, "पाठमोरी बसलेली मुलगी खो ऐकून उठली. तिला ऐकू आला, मग पंचाला का नाही?"

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

मी पंच होतो त्या निवड सामन्यात तू दोरीपाशी येऊन ओरडलास ते आठवते. "काका, समद्या मैदानाला आयकू गेलं, तुमालाच कसं न्हाई?" तुझे ओठ दिसत होते म्हणून कळले. मी म्हणालो, "नियम म्हंजे नियम." लहानपणी तुला खो द्यायला मीच शिकवले आणि तुझ्याच लेकीचे नाव संघातून घालवले. सोमवारी संघ राज्य स्पर्धेला निघणार.

आता लिहितोच. सहादेव, मी ऐकलेच नाही. जयमालाचा नाही आणि कुणाचाच नाही. दोन वर्षे झाली, मला मैदानावरचा एकही खो ऐकू आलेला नाही. मी तोंडाकडे बघतो. तोंड गोल झाले की खो झाला असे धरतो. सगळ्या पोरींचे तोंड गोल होते. जयमालाचा ओठ टाक्यांनी ओढलेला, तो गोल होत नाही. मला वाटले पोरगी नुसता हात लावते. म्हणून शिट्टी मारली.

कुणाला सांगितले नाही. चौथी शिकलेला शाळेचा शिपाई मी. शिट्टी हातात आली तेव्हापासून लोक रंगनाथ सर म्हणतात. घरात काकूला ठाऊक होते. "दूध उतू जाऊन चूल इझली तरी कळंना, अन् निघालेत पंच म्हनून!" असे ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

अजून एक आहे, ते तुला ठाऊक नसेल. मधल्या वेळेत जयमाला माझ्यापाशी आली, काहीतरी विचारले. मला उमगले नाही. पोरगी घामाघूम झालेली, वाटले पाणी मागते. मी मान हलवली, "व्हय, व्हय" म्हणालो. काकू जवळच बसली होती. घरी आल्यावर तिने सांगितले. पोरीने विचारले होते, "आजोबा, आनखी मोठ्यानं दिला तर फाऊल न्हाई ना देनार?"

त्यानंतर मी आणखी पाच फाऊल दिले. काकू म्हणते, शेवटी तिचा घसा फाटला होता.

हे कळल्यावरही मी प्रतिज्ञापत्रावर सही केली की मी लक्षपूर्वक ऐकले. खोट्या सहीला तुरुंग असतो असे म्हणतात. या वयात तिथे कसे होईल, काकूचे कोण बघेल, काही सुचत नाही. तरी शुक्रवारी खरे सांगायचे ठरवले आहे.

पण मी भित्रा आहे. सेक्रेटरी समोर बसतील. ऐन वेळी माझी जीभ फिरली, तर तुझ्या वकिलांना सांग, या म्हाताऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभा करा आणि जयमालाला मागून खो द्यायला लावा. अख्खे कोर्ट वळून बघेल. मी वळणार नाही.

त्यानेही भागले नाही तर हे पत्र पुढे कर. मला विचारू नकोस, माझ्यावर दया करू नकोस.

स्वतःच्या हाताने लिहिले, दोनदा वाचून पाहिले, सर्व कबूल.

रंगनाथ भिवा साळवे
(सर म्हणू नये)