शेवटचा आकडा झाका

जळगाव,
६ मार्च २०२५

प्रिय हितेंद्रभाऊजी,

नमस्कार. धुळ्याला सगळे खुशाल असाल. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आम्हीही बरे आहोत. ऊन आतापासूनच भाजायला लागलंय. आपल्या रूपालीने सावद्याहून केळी पाठवली, ती सगळी एकदमच पिकली.

थांबा, दाराची कडी पाहून आले.

परवा तुमचे दादा बाजारात गेले आणि त्यांना घर सापडेना. प्रेमराज नावाच्या रिक्षावाल्याने घरचा फोन नंबर विचारला. ह्यांनी खणखणीत सांगितला, ७३९३९१३३.

"बाबा, दोन आकडा कमी शेतस."

"कमी कसे? उलट शेवटून एकेक काढत जा, तरी बिघडत नाही!"

शेवटी कोपऱ्यावरच्या मिश्रीलालशेठनी रिक्षात पाहून ओळखलं. प्रेमराज हसत हसत सांगत होता. मीही हसले.

ही संख्या तुम्हाला काय सांगायची! माझं नवीन लग्न झालेलं, तेव्हा गच्चीवर तुम्ही दोघांनी माझी परीक्षा घेतली होती. "कॉन्व्हेंटच्या वहिनी, शेवटचा आकडा झाका. उरली ती मूळ संख्याच, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आता आणखी एक झाका!" झाकत झाकत नुसत्या सातावर आलो, तरी खेळ मोडला नाही. शाळेत सिस्टरनी मूळ संख्या पाठ करून घेतल्या होत्या. त्यांच्यात गंमत असते, हे तुमच्या घरात कळलं.

आणि त्याच संख्येवरून तुम्ही बोलणं टाकलंत. तुमच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात बोलण्याच्या भरात तुम्ही म्हणालात, पुढे आकडे जोडत गेलं तरी ही साखळी संपतच नाही. हे पहिल्या रांगेतून उठले. "हितू, चुकलास. हिच्यापुढे कुठलाही आकडा जोड, मूळ संख्या मिळणार नाही." सगळ्या कॉलेजसमोर! त्यांचं बरोबर होतं. पण ते घरी येऊन सांगता आलं असतं, हे मी त्यांना तेव्हाच म्हटलं.

भाऊजी, त्यांना ते भांडण आठवत नाही. "हितू आला का?" एवढं मात्र रोज विचारतात. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. नाही, तसं नाही म्हणाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते लिहायला हात धजत नाही.

पुन्हा उठून आले. कडी लागलेलीच होती.

काल दुपारी चहा नेऊन दिला, तर हे एकदम सावरून बसले. म्हणाले, "ताई, तुम्ही कोणाकडच्या?" मी नाव सांगितलं. चेहरा कोराच. बायको आहे म्हटलं तर ओशाळतील, असं वाटलं. मग म्हटलं, "मी हितूची वहिनी."

"अरे वा! मग उभ्या का? बसा ना."

सध्या मी ह्या घरात एवढ्याच ओळखीवर आहे. ती पुसायच्या आत या.

हितूची,
वहिनी