पंप धुतात तिथली माती

मंगळवार, संध्याकाळ

किळस जातच नाही. भिवापूरला भाऊ मिरचीवरच्या फवारणीचे पंप धुतो, तिथली माती माझ्या लेकीने प्रयोगशाळेत तपासली. त्यातले जिवाणू कीटकनाशक फोडून खातात! त्यांचं दुसऱ्याच कामाचं एन्झाइम पिढ्यानपिढ्या बदलत तिथवर आलं. किती सुंदर!

आणि भाऊ हसला, “मंग काहून भेतं वं ताई? जंतू जहर खाऊन राहिले ना! यंदा अजून एक फवारा मारतो.”

“मामा, जिवाणू मातीत आहेत, मिरचीवर नाहीत,” लेक म्हणाली.

त्याने फवारणीच्याच शर्टाला मिरची पुसून खाल्ली. तिथेच लहानपणी आई पदराला पुसून द्यायची. भावाने मला पिशवीभर मिरच्या दिल्या, आणि मी, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं, ‘थँक यू’ म्हणाले. शी!

पिशवी कचऱ्यात टाकली. हात तीनदा धुतले. त्याने तर एकदाही नाही.