बाराचे सहा केले

ती. ताईस,

वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी? (जिन्यावरून पाण्याच्या बादल्या अजून तूच नेतेस असं ऐकलं. नेत राहा.)

सौद्याचा हिशेब आधी सांगतो: मी रोजच्या सहा उठाबशा वाचवल्या, आणि तुझ्या भावजयीचं खुब्याचं हाड गेलं.

झालं असं. डॉक्टर म्हणाले, साठीनंतर स्नायू झिजतात. वजनं उचला, उठाबशा काढा, नाहीतर म्हातारपण अंथरुणात जाईल. मला हसू आलं. पाठीवर कपाटं वाहून ज्यानं कपाटांचं दुकान काढलं, त्याला हे सांगायचं! तरी बायकोच्या धाकानं व्यायामाचे मास्तर ठेवले. ते म्हणाले, खुर्चीवरून बारा वेळा उठायचं. आता समोरच्यानं सांगितलेला आकडा मी आजवर कधी मान्य केलाय? मी तीन म्हणालो, ते दहावर आले, सहावर मिटलं. (वजनंही अशीच निम्म्यावर आणली.) वर्षभर हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत होतो. आतून बायको म्हणायची, "अहो, लुबाडताय कुणाला, ते एकदा बघा तरी!"

गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरली. लागलं काहीच नव्हतं, बसल्या जागी हसत होती. अठ्ठेचाळीस किलोची बाई. मी काखेत हात घालून अर्ध्यावर उचललं आणि माझ्या मांड्यांनी दगा दिला. दुसऱ्यांदा पडली ती माझ्या हातून. हाड तेव्हा मोडलं. नोकर येईपर्यंत दोन तास दोघं ओल्या फरशीवर; मलाही उठता येईना. ती एवढंच म्हणाली, "बाराला हो म्हणायचं होतं हो."

शनिवारी ती इस्पितळातून घरी येते. मुलगा-सून आलेत. पलीकडच्या खोलीत मुलगा म्हणत होता (कान अजून शाबूत आहेत), "बाबांना स्वतःला उठवत नाही, आईला काय उठवणार? दोघांना वृद्धाश्रमातच ठेवू." मी मास्तरांना परत बोलावलं. म्हटलं, वीस सांगा, हूं की चूं करणार नाही. ते म्हणाले, "काका, सध्या चारच." घासाघीस करायलासुद्धा जागा ठेवली नाही.

पण काळजी नको. कालपासून मी जमिनीवरून कुणाच्या हाताशिवाय उठतो.

तुझा धाकटा

ता.क. मुलगा फक्त तुझं ऐकतो. शनिवारच्या आत फोन करून त्याला सांग, की मी उठतो हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस.

आणखी ता.क. हे पत्र जमिनीवर बसून लिहिलंय. मुलगा-सून इस्पितळात गेलेत. नोकर दहाला येतो.