भावासाठी एक स्टूल

मी थ्रासिक्लीस, अथेन्सच्या कुंभारवाड्यातला. छातीने थकलो असलो तरी डोके ठिकाणावर आहे. माझ्यामागे काय कुणाचे, ते कुणाच्याही धाकावाचून लिहून ठेवतो.

मला मुलगा नाही. एकच मुलगी, मेलिटा; ती खारियसच्या घरी सुखाने नांदते आहे. मी असाच गेलो तर कायद्याने माझी मिळकत, आणि मिळकतीबरोबर मेलिटाही, माझ्या धाकट्या भावाची. हा स्ट्रॅटन विधुर आहे. सख्ख्या पुतणीचे चालते लग्न मोडून तो तिला बायको म्हणून नेऊ शकतो, आणि नेणार आहे. माझ्या खोकल्याची विचारपूस करायला येतो, जाताना भट्टी चाचपून जातो.

म्हणून जावई खारियस याला मी दत्तक घेत आहे. त्याच्या वडिलांची संमती आहे. त्यांना आणखी मुलगे आहेत, शिवाय खारियस जेवतो भरपूर. घर, भट्टी, चाके त्याची. मेलिटा आज आहे तशीच त्याची बायको राहील. मोठे चाक डावीकडे ओढते, त्याला शिव्या देऊ नयेत.

विधवेला नवा नवरा नेमून द्यायची आपल्यात रीत आहे. मी माझ्या बायकोला, फिलिन्नाला, नेमून देत नाही. माग, लोकर, वरची खोली तिची. हुंड्याला कुणी हात लावू नये. तिने विणलेले अंगरखे घालून बाजारात ऐट मी केली. तिने बाजार पाहिला तो सणाच्या मिरवणुकीत, जाता जाता.

स्ट्रॅटनला दारातले स्टूल. त्यावर बसूनच तो वाट पाहतो आहे. दोघांची चांगली ओळख झाली आहे.

बायकोच्या सांगण्यावरून केलेले मृत्युपत्र रद्द होते, हे स्ट्रॅटन मला येता-जाता ऐकवतो. म्हणून नोंदवतो. आज साक्षीदार बसले असताना फिलिन्ना दाराआडून, शेजाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात म्हणाली, "अहो, एवढं ऐका माझं. सगळं भाऊजींना द्या. पोरीलाही त्यांच्याच घरी धाडा. मिटेल एकदाची कटकट."

स्ट्रॅटन खुलला. "दादा, वहिनी शहाणी बाई आहे. ऐक तिचं."

"ती काय म्हणाली, नीट ऐकलंस ना? मग साक्षीला तूही ये."

"येतो की. त्यात काय एवढं."

सगळ्या संसारात ती इतके वेड्यासारखे कधी बोलली नव्हती. मी तिचे ऐकलेले नाही. वरची कलमे पाहावीत. ती अजून दाराआड उभी आहे. शेवटची मोहोर उठेपर्यंत हलणार नाही.

कुंभारवाडा, अथेन्स. पेरणीचा महिना, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस.

थ्रासिक्लीस (अंगठीची मोहोर)

साक्षी, रीतीप्रमाणे मजकूर न वाचता:
आर्खिप्पोस, तेलवाला
टिमोखारिस, शेजारी
स्ट्रॅटन, सख्खा भाऊ, स्वखुशीने