पलटण नावाचा संच आणि माझी एक ओळ

मी, राजरत्न आप्पासो होवाळ, वय वर्षे ५१, लष्कराच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त, हल्ली धंदा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणे, राहणार गोडोली, सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरी, दिवसाउजेडी लिहीत आहे. दुखणे छातीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुधवार, ता. २४ रोजी मिरजेला माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यातून उठलो तर हा कागद मीच फाडीन. न उठलो तर खालीलप्रमाणे वागावे.

१. माझी पत्नी हरणाबाई १९८३ साली वारली. तेव्हा मी जोधपूरला होतो आणि आमची मुलगी आम्रपाली पाच वर्षांची होती. तिला माझी थोरली बहीण आक्काताई लोखंडे हिने वाढवले. आक्काताईला एकच मुलगा, महेंद्र. पुढचे सगळे मी धरून राहिलेल्या या चार माणसांचे आहे.

२. गोडोलीतील दोन खोल्यांचे घर आम्रपालीचे. मागची खोली आक्काताईने हयातभर वापरावी, तिला कोणी ऊठ म्हणू नये. पोस्टातील बचतपत्रे आम्रपालीची. तिच्या सांगलीच्या इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष त्यातून पुरे व्हावे. माझ्या मागे वंदना घ्यावी, बाकी काही करू नये. लष्करी बँड बोलावू नये. मला त्या ड्रमचा पहिल्यापासून त्रास होतो.

३. हत्यारे. कॉम्प्युटर, मोडेम, फ्लॉपींचा लाकडी खोका आणि १९९६ साली पुण्याहून आणलेली सर्व्हरची सीडी आम्रपालीला. सर्व्हर म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरांना पाने वाढणारा कॉम्प्युटर. जावास्क्रिप्ट ही भाषा वेबपानात बटणे हलवायला आहे असे सगळे समजत होते. ती सर्व्हरवरही चालते हे त्या सीडीमुळे मला कळले, आणि मी दोन दिवस जेवायला उठलो नाही. डाग देण्याची सळई, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तीही आम्रपालीलाच. शेजारच्या चंद्राबाई ती तीन वर्षे उसनी नेतात, पुढेही नेऊ द्यावी.

४. त्या भाषेत मी जो संच लिहिला त्याचे नाव ‘पलटण’. पुन्हा पुन्हा लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवायची आणि हवी तिथे बोलवायची, एवढीच त्यामागची कल्पना. त्यात चार फायली आहेत. ‘संत्री’ भरलेला फॉर्म तपासतो आणि रिकामी जागा दिसली की माणसाला परत पाठवतो. ‘शिंपी’ माहिती घेऊन पान शिवतो. ‘हजेरी’ कोणी कधी काय केले त्याची नोंद ठेवते. चौथी ‘तारीख’ मुदत संपली का ते बघते. प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत माझे नाव होते.

५. होते, असे लिहिले कारण १९९७ साली महेंद्र माझ्याकडून पलटण शिकायला म्हणून घेऊन गेला आणि सांगलीत दुकान थाटून बसला. त्याने माझे नाव पुसून तिथे स्वतःचे घातले. एका रक्तपेढीला, औषधांच्या तीन दुकानांना आणि महाबळेश्वरच्या एका दवाखान्याला त्याने ती विकली. आम्रपालीने त्याच्याकडे पान उघडून पाहिले आणि मला सांगितले. मी त्याच्याशी बोलणे सोडले. दोन वर्षे आक्काताई आम्हा दोघांना एका ताटावर बसवायला बघत होती. मी उठून जात होतो.

६. आता माझे. या कलमासाठीच हा कागद आहे, बाकीचे वकिलाने दोन ओळींत केले असते.

गेल्या मार्चमध्ये ‘तारीख’ वाचताना मला माझी चूक सापडली. भाषेला वर्ष विचारले की ती ९९ एवढेच सांगते, म्हणून मी पुढे १९ चिकटवत होतो. नवीन साल लागले की ती १०० सांगणार, आणि माझी ओळ १९१०० असे साल लिहिणार. त्यात मी तारखांची तुलना आकडे म्हणून केलेली नाही, अक्षरे म्हणून केली आहे. अक्षरांच्या क्रमात १९१०० हे १९९९ च्या आधी लागते. म्हणजे ताजे ते शिळे ठरणार आणि शिळे ते ताजे.

मी माझ्याकडची ओळ त्याच दुपारी दुरुस्त केली. महेंद्रला सांगितले नाही. सहा महिने सांगितले नाही. त्याच्या नावावर ती ओळ आहे ना, मग त्याच्याच नावावर फुटू दे, असे माझ्या मनात होते. नोकरीत चोवीस वर्षे संदेश पोचवण्याचे काम केले आणि हा एक दाबून बसलो. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

सप्टेंबरमध्ये पहिली कळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला रक्ताच्या पिशव्या लागतील म्हणून सांगितले आणि एका रक्तपेढीचे नाव लिहून दिले. ती महेंद्रने पलटण विकलेलीच रक्तपेढी होती. काढलेले रक्त पस्तीस दिवस टिकते, आणि ती मुदत ‘तारीख’ स्वतः मोजून लिहिते; औषधांची डब्यावरून हाताने भरतात. मी तिथेच बाकावर बसून बोटांवर मोजले. सत्तावीस नोव्हेंबरला काढलेल्या पिशवीची मुदत एक जानेवारीला संपते. म्हणजे घोळ नव्या सालाची वाट बघणार नव्हता, ताजी पिशवी त्याच दिवशी शिळी ठरणार होती.

मी घरी आल्यावर आम्रपालीला सगळे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला रक्त लागलं नसतं तर?”

मी महेंद्रला फोन केला. तो म्हणाला, “मामा, दोन वर्षांनी फोन केलासा त्यो धंदा बुडवायला? कार्यक्रम चालतोय, लोक खूश हायेत.” त्याने फोन ठेवला. ऑक्टोबरभर तीन वेळा केला, तीन वेळा ठेवला. मग आक्काताई स्वतः एसटीने आली. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतले नाही. “राजा, तुजी पोर मी वाडवली. माजं पोरगं तू बुडवू नगंस. गप बस.”

माझ्या बहिणीने उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी तिला नाही म्हणालो. ती तशीच माघारी गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

७. गुरुवार, ता. १८ रोजी मी आणि आम्रपाली सांगलीला गेलो. तिने महेंद्रला आदल्या दिवशी कळवले होते: “दादा, तू आलास तर बरं, नाही आलास तरी आम्ही जाणार.” तो आला. रक्तपेढीत शालूबाई गुरव म्हणून मुख्य तंत्रज्ञ आहेत. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून महेंद्रकडे पाहिले. तो हसून म्हणाला, “मामांची तब्येत बरी न्हाई, मॅडम. काळजीनं कायतरी डोक्यात घेतलंय.”

शालूबाई म्हणाल्या, “मग करून बघू.” मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी यादीची नक्कल उघडली. आम्रपालीने त्याचे घड्याळ एक जानेवारीवर नेले. पान यायला वेळ लागला. पान आले. डिसेंबरात मुदत संपणाऱ्या एकूण एक पिशव्यांपुढे लिहिले होते, ‘देण्यास योग्य’.

मग शालूबाई अगदी हळू म्हणाल्या, “पिशवीवरची चिठ्ठी आम्ही वाचतोच. पण अपघाताचे चार पेशंट एकदम आले की हात पडद्याकडे बघूनच चालतो.” आणि महेंद्रकडे वळल्या. “हे कोणी लिहिलंय?”

महेंद्रचा चेहरा उतरला होता. त्याने उत्तर द्यायच्या आत मी म्हणालो, “मी लिहिलंय. ही चूक माझी आहे, आणि ती मला मार्चपासून ठाऊक आहे.”

शालूबाईंनी मला बसायला सांगितले नाही. त्यांचे बरोबर होते. आम्रपालीने तिथेच बसून ओळ दुरुस्त केली. त्यांनी पंधरा तारखा टाकून पाहिल्या, मग आम्हाला जाऊ दिले. परत येताना महेंद्र स्टँडपर्यंत आमच्यामागून चालत होता.

८. शुक्रवारी आणि शनिवारी आम्रपालीने औषधांची तिन्ही दुकाने फिरून दुरुस्ती केली. महाबळेश्वरचा दवाखाना राहिला आहे. तिथले डॉक्टर महेंद्रखेरीज कोणाला मशीनला हात लावू देत नाहीत. मी गेलो काय, राहिलो काय, शुक्रवार, ता. २६ च्या आत ते काम व्हावे, ही माझी आज्ञा समजावी.

९. पलटण कोणी विकू नये. जो मागेल त्याला फुकट द्यावी. ‘तारीख’च्या डोक्यावर चूक काय होती, कोणाची होती आणि किती दिवस लपवली हे तिन्ही लिहावे. हक्क निम्मा आम्रपालीचा ~~आणि निम्मा महेंद्रचा~~ व उरलेला निम्माही तिचाच.

वरील कलमात खोडाखोड आहे, ती मी स्वतः केली असून शेजारी सही केली आहे. तिचे कारण लिहितो. दुसरे साक्षीदार म्हणून माझ्या लष्करातल्या पलटणीचे सुभेदार येणार होते, ते आले नाहीत. दुपारी बारा वाजता दारात महेंद्र आला. मी त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने सगळा वाचला, सहावे कलम दोनदा. मग म्हणाला, “मामा, माजं नाव काडा त्यातनं.”

मी म्हणालो, “राग धरू नकोस. निम्मं तुझंच आहे, गिऱ्हाईक तू आणलंस.”

“राग न्हाई. वकील म्हनत्यात, ज्याला मिळतंय त्यानं साक्षीला सही करू नये. मला सही करायचीय.”

चंद्राबाईंनी पेन माझ्या हातात दिले. मी त्याचे नाव खोडले; माझी सही झाली की तो खाली करील. त्याला दुरुस्तीची फ्लॉपी आम्रपालीने रुमालात गुंडाळून दिली. अडीचच्या महाबळेश्वर गाडीने जाऊन उद्या दवाखाना उघडताच काम करतो म्हणतो. मी उद्या सकाळी मिरजेला निघणार. त्याने काय केले ते मला तिथल्या खाटेवर कळेल.

आक्काताईला हे सहावे कलम कोणीतरी वाचून दाखवावे. तिला वाचता येत नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, मला मान्य आहे.

सही: राजरत्न आप्पासो होवाळ
गोडोली, सातारा. रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९९९.

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, म्हणून त्यांच्यासमोर आम्हीही करीत आहोत:

(१) चंद्राबाई खरात, निवृत्त परिचारिका, शेजारी, गोडोली.

(२) महेंद्र ज्ञानू लोखंडे, सांगली. धंदा: प्रोग्रॅम विकणे. लिहिणारे मामा.