लाल ठिपक्याचं माप

स्टोनी रन, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १८ मार्च २०१२

प्रिय केंट,

"विकतच्या रायफलीनं तुझं तोंड पाहिलेलं नसतं, पोरा." तू पंधरा वर्षांचा होतास. पपा तळघरात तुझ्या गालाला रायफलीचा अक्रोडी लाकडाचा दस्ता लावून पेन्सिलीनं खुणा करत होते आणि मी पायरीवर बसून पाव खात होते. त्यांचं हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तू बरा असशील. आम्ही बरे आहोत. तुझा पत्ता आईच्या नाताळच्या कार्डांच्या वहीतून घेतला. मोंटानातले तीन पत्ते खोडलेले आहेत, चौथा खरा असावा. इथे यंदा बर्फ लवकर गेला, त्यामुळे मेपलचा पाक निम्माच निघाला. पपा जूनमध्ये पंचाहत्तर पूर्ण करतील. माझ्या टिलीला तू आईच्या दफनाच्या दिवशी पाहिलं होतंस, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता पंधराची आहे आणि माझ्याहून उंच. माझ्या घटस्फोटानंतर आम्ही दोघी पपांकडेच राहतो, हे तुला बहुधा कुणी कळवलं नसेल.

तुझा सल्ला हवा होता. टिली या मोसमात नेमबाजीच्या स्पर्धेत मोठ्या माणसांबरोबर सहाशे यार्डांवर उतरणार आहे. तिला स्वतःची रायफल हवी. सुटे भाग आणून बनवावी, की सरळ विकत घ्यावी?

ती डावरी आहे. घरात तुझ्यानंतर तीच. डाव्या हाताची चांगली रायफल दुकानात तयार मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "मागवतो, पण उन्हाळा उजाडेल." पपांनी हिवाळाभर भाग जमवले आहेत. नळी एकीकडची, चाप दुसरीकडचा, दस्त्यासाठी आईच्या माहेरचं अक्रोड. एप्रिलच्या पंधरा तारखेला मोसम सुरू होतो आणि पहिली गोळी टिलीनं त्यांच्याच रायफलीनं झाडायची, असं ठरवून बसलेत. घरच्या रायफलीचा स्क्रू न् स्क्रू ओळखीचा असतो, मापात बसते, बिघडली तर घरीच उघडता येते. विकतची असते ती कारखान्यातून तपासून येते. तपासून येते, हे महत्त्वाचं.

हे सगळं तुलाच विचारावं, यातला विनोद मला कळतो. एकोणीस वर्षांपूर्वी कॅटलॉगमधून मागवलेली रायफल घेऊन तू मैदानात आलास, तेव्हा पपांनी आपली चटई गुंडाळली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या खेपेला दुकानातून बापही घेऊन ये." मी तिथेच होते. हातात लिंबूपाण्याचा जग होता. मी काही बोलले नाही. तू घर सोडून गेलास, आणि बंदुकांच्या कपाटातून त्यांनी तुला बनवून दिलेली रायफलही गेली होती.

टिली दुकानाचं नावही काढू देत नाही. परवा भांडी घासताना म्हणाली, "आई, खरं सांग, तुला आजोबांची लाज वाटते ना?"

"लाज कसली गं?"

"मग? सगळ्या मैदानात त्यांच्या हातासारखा हात नाही. मर्लसुद्धा म्हणतो, मैदानाचा प्रमुख असून. आणि तू मात्र तोंड असं करतेस, जणू ते मला बाँब बांधून देताहेत."

माझ्या हातून बशी सुटली. फुटली नाही, साबणाच्या पाण्यात पडली.

आता लिहितेच. मला भीती वाटते, केंट. एक महिना झाला, मला भीतीशिवाय दुसरं काही वाटतच नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मी पीचची बाटली आणायला तळघरात उतरले. पपा नळी बसवून मापं घेत होते. ती दोन पोलादी मापं तुला आठवतात? आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका एकावर, कुंपणाच्या रंगाचा हिरवा दुसऱ्यावर. काडतुसाच्या जागी माप घालून मागून बोल्टचा दांडा सारायचा, आणि जेवायला बसायच्या आधी ते आपल्याकडून म्हणवून घ्यायचे: हिरव्यावर बोल्ट बंद, लालवर बंद नाही. लालवर बंद झाला तर काडतुसाच्या मागे जागा जास्त राहिली, आणि मग काडतूस मागून फुटू शकतं, नेम धरणाऱ्याच्या गालापाशी.

पपांनी लाल ठिपक्याचं माप आत घातलं. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. "झालं," ते म्हणाले, आणि वहीत बरोबरची खूण केली.

मी म्हणाले, "पपा, तो लाल होता."

त्यांनी माप बाहेर काढलं, अंगठ्यानं पुसलं, ठिपक्याकडे नीट पाहिलं. "लालच आहे," म्हणाले. पुन्हा आत घातलं. पुन्हा बोल्ट बंद केला. "झालं." आणि पहिल्या खुणेशेजारी दुसरी खूण केली. मग माझ्याकडे वळून इतक्या प्रेमानं हसले, की मी बाटली घेऊन वर आले आणि जेवण वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते चर्चला गेले असताना मी तो बोल्ट काढून घेतला. तेलाच्या फडक्यात गुंडाळून आईच्या मुरांब्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवला. ऑगस्टपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मला वाटलं, बोल्ट नाही तर रायफल नाही, आणि रायफल नाही म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

ते चार दिवस शोधत होते. सगळे खण जमिनीवर उपडे केले. कुत्र्याच्या गादीखाली पाहिलं. माझ्या गाडीतही पाहिलं, आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्यासाठी दिवा धरला होता. शुक्रवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मासळीच्या गावजेवणाला गेलो, तर तिथेही त्यांनी तेच काढलं. मर्ल ओरडला, "ऑरिन, फ्रीजमध्ये बघ! माझी कवळी तिथेच सापडली, लोणच्याच्या शेजारी!"

"तरीच तुझं बोलणं आंबट," त्याची बायको म्हणाली.

सगळं टेबल हसलं. पपाही हसले, पण इतरांचं हसून झाल्यावर.

घरी येताना गाडीत मला म्हणाले, "नोरीन, साठ वर्षांत मी एक स्क्रूसुद्धा हरवलेला नाही. माझं डोकं चाललंय गं." आणि रडले. आईच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. जे ते विसरले नव्हते त्यासाठी रडत होते, आणि जे खरंच विसरले ते त्यांना ठाऊकही नाही. मी गाडी चालवत राहिले. एका वाक्यानं त्यांचं रडणं थांबलं असतं. ते वाक्य मी अजून बोललेले नाही.

आणि लपवून तरी काय मिळालं? त्यांनी दुसरा बोल्ट मागवला आहे. पाच एप्रिलला येईल. नळी तशीच बसलेली आहे, वहीत दोन बरोबरच्या खुणा आहेत, आणि टिली रोज संध्याकाळी दिवाणखान्यात पालथी पडून, कोपर टेकून, नसलेल्या रायफलीवर गाल ठेवून सराव करते. मी तिच्या गालाकडे बघत बसते.

मर्लला सांगता येईल, हे मला कळतं. तो एका मिनिटात सगळं थांबवेल. पण मग पपा त्या मैदानात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, आणि टिली मला कधी माफ करणार नाही. तरी दुसरा मार्ग उरला नाही, तर चौदा एप्रिलला मी त्याच्या दारात उभी असेन. तेवढं मी स्वतःला वचन दिलं आहे. या खेपेला गप्प बसणार नाही.

सल्ला मागते म्हटलं, पण मला सल्ला नको आहे. ते तुला पहिल्या पानावरच कळलं असेल.

तुझ्याकडे एक रायफल आहे. डाव्या हाताची. पंधरा वर्षांच्या गालासाठी कोरलेली. तू ती जेमतेम दोन मोसम वापरलीस, पुढे तुझे खांदे रुंद झाले. टिलीचा जबडा तुझ्यासारखा आहे. पपा तिच्याकडे बघताना कधीकधी थांबतात, ते का, हे त्यांना कळत नसावं, मला कळतं. ती रायफल तेव्हाच्या हातांनी केलेली आहे, ज्या हातांवर मी डोळे मिटून माझी मुलगी सोपवली असती. ती दुकानातून आणलेली नसेल, आणि आता बनवलेलीही नसेल. कपाटातली तुझी खुंटी अजून रिकामी आहे. तिथे मी एकदा छत्री अडकवली होती, पपांनी न बोलता ती काढून दाराशी ठेवली.

बोल्ट मीच लपवला, हे मी त्यांना तू यायच्या आधी सांगेन. ते तुझ्यावर टाकणार नाही. पण लाल ठिपक्याचं माप त्यांच्यासमोर कुणी तरी आत घालायला हवं. तुझ्या रायफलीत त्या मापावर बोल्ट अडेल. तो अडलेला त्यांनी बघावा, मग नव्या रायफलीत बंद होताना बघावा. माझ्या हातून ते बघणार नाहीत. तुझ्या हातून बघतील, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

ती रायफल ही तुझ्याकडची त्यांची एकमेव वस्तू आहे, आणि त्यांनी तुला काय म्हटलं होतं ते मी ऐकलेलं आहे. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही हे पत्र घडी घालून खणात टाकलं असतं.

तरी मागते. रायफल बंदुकांच्या दुकानदारामार्फत नुसती पाठवून देऊ नकोस, केंट. पंधरा एप्रिलच्या आधी तू स्वतः ती घेऊन घरी ये.

तीच, पायरीवर बसलेली,
नोरीन