रागाचा उपवास

राखेचा बुधवार

चि. बोक्यास,
प्रभूत सलाम व अ. उ. आ.

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. आई शेवटचे श्वास घेताना दाराकडे बघत होती आणि तू आला नाहीस, तेव्हापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. पण आज चर्चमध्ये कपाळावर राख लावून लाँड्रीत परतले आणि चादरी पिळता पिळता डोक्यात वीज चमकली! आजपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात दरवर्षी मी साखर सोडते. यंदा तुझ्यावरचा राग सोडायचा! ईस्टरनंतर तो पुन्हा सुरू होईल, हे आधीच बजावते. आणि रविवार उपवासात धरत नाहीत, तेव्हा रविवारी लिहिलेलं पत्र हाती आलं तर जपून उघड.

तुला खोकला झाल्याचं कानावर आलं होतं, गेला का? लोभ ईस्टरपर्यंत असावा.

तुझी ताई


शनिवार

ती. ताईस,
सलाम व सा. न. वि. वि.

लिफ्ट दुरुस्त करायला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होतो, तिथेच ग्रीसच्या हातांनी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आनंदाने उडी मारली आणि डोकं लोखंडी तुळईवर आपटलं. हे भलंमोठं टेंगूळ आलंय, पण खोकला पळाला!

तुझा राग परतायच्या आत सांगून टाकतो. त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो होतो. घरी यायची गाडी समोर उभी होती. आईला तशी बघायची छाती झाली नाही आणि गाडी निघून गेली. माफीसाठी ही सबब पुरणार नाही, मला ठाऊक आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी तासभर येऊ का? तुझ्या मुदतीत बसतंय. दारातूनच परत पाठवलंस तरी चालेल.

लोभ आहे तोवर उत्तर धाड.

तुझा बोक्या


झावळ्यांचा रविवार

चि. बोक्यास,
प्रभूत सलाम व पोटभर आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण रोज लिहायची आणि फाडायची. आज ईस्टरआधीचा शेवटचा रविवार, रागाला मोकळीक, म्हणून मुद्दाम रागवायला बसले. भित्रा, भागूबाई, असं झोडपायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीलाच रडू फुटलं. स्टेशनवर किती एकटा पडला असशील रे!

पाळकांना आपला करार सांगितला, तर ते इतके हसले की चष्मा पडला. म्हणाले, बाई, उपवासात माणूस आवडती वस्तू सोडतो आणि सण आला की तिच्यावर तुटून पडतो. तुम्हाला राग एवढा आवडतो? मग म्हणाले, प्रभूने क्षमा केली ती मुदतीची नव्हे, आणि आपण भरपाई करायच्या आधीच केली, तिलाच कृपा म्हणतात. मला झोंबलं. खरंच, हा राग मी लाडाने पोसला. आई दाराकडे बघत होती ती फक्त वाट बघत होती. राग माझा होता, मी तो आईच्या नावावर खपवला.

तेव्हा तासभर वगैरे काही नाही, राहायला ये! गादी उन्हात टाकलीय, तुझ्यासाठी शर्ट कडक इस्त्री करून ठेवलाय. इतकी वर्षं भावंडं किती असं कोणी विचारलं की मी सांगायची, एकटीच. आज चर्चच्या पायऱ्यांवर कोणी न विचारताच दिसेल त्याला सांगत सुटले, माझा भाऊ येतोय!

तुझी ताई